पॅसेजमधली डबल

पेंटर आयुष्यभर उंचावर काम करत आले. चार मजली इमारतींच्या बाहेरून दोरावर लोंबकळत त्यांनी भिंती रंगवल्या, पाण्याच्या टाक्या रंगवल्या, एका कारखान्याचं धुराडंसुद्धा रंगवलं. आणि पडले कुठून, तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून, बल्ब बदलताना. हॉस्पिटलमध्ये भेटायला आलेला प्रत्येक जण हळहळून झाल्यावर विचारायचा, "मग बल्ब लागला का?" आणि पेंटर तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "नाही. जुना काढला तेवढ्यात पडलो."

खुब्यात पट्टी बसवली, स्क्रू घातले. चालता येईल, काठी लागेल, जिने जपून चढायचे, असं डॉक्टर म्हणाले. पेंटरांची बायको सुनेबरोबर औषधांच्या खिडकीशी गेली होती. तेवढ्यात डॉक्टर आणखी एक गोष्ट बोलून गेले.

"सायकल मात्र विसरा. साधी एक वेळ पुढेमागे जमेल. पण ती तुमची लांबलचक, मागे माणूस बसवलेली, ती नाही. थांबताना सगळा भार ह्याच पायावर येणार."

पेंटरांनी मान हलवली. मुलगा शेजारीच उभा होता. त्याला ते म्हणाले, "हे आईला मी सांगेन."

सांगितलं नाही.

ती लांबलचक सायकल म्हणजे घरातली डबल. दोन सीटा, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या आणि चाकं मात्र दोनच. पेंटरांच्या बायकोला जन्मापासून दिसत नाही. त्या ह्याच हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्सचेंजवर ऑपरेटर होत्या आणि शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. लग्नानंतर पेंटरांनी कुठून तरी ही जुनी डबल मिळवली, घासून पुसून गडद हिरवी रंगवली, आणि तेव्हापासून रोज सकाळी पुढे पेंटर, मागे बाई, असे दोघं हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जायचे. बाई उतरल्या की मागच्या सीटवर रंगाचे डबे बांधायचे आणि पेंटर आपल्या कामावर. संध्याकाळी डबे उतरायचे, बाई चढायच्या. "माझ्या जागेवर दिवसभर डिस्टेंपर बसतो," असं बाई मैत्रिणींना फोनवर सांगायच्या.

रस्ताभर पेंटर बोलत असायचे. खड्डा, वळण, चढ हे सांगावंच लागतं. पण पेंटर तेवढ्यावर थांबत नसत. कोणी गच्चीच्या कठड्याला कसला भयाण जांभळा दिलाय, कुठल्या भिंतीचे पोपडे निघालेत, कोणाच्या फाटकाला गंज न काढता वरून रंग फासलाय, सगळं. शहर बाईंना असं भिंतीभिंतीने माहीत होतं.

डबल जिन्याखाली राहायची. पेंटर हॉस्पिटलात असतानाच घरमालकाने जिन्याखालची जागा विजेच्या मीटरांसाठी घेतली आणि सायकल उचला म्हणून निरोप पाठवला. तेव्हाच मुलगा आणि सून आपली भाड्याची खोली सोडून मदतीला घरी राहायला आले होते. मुलाने शेजाऱ्याच्या मदतीने डबल पहिल्या मजल्यावर चढवली. जिन्याच्या वळणावर ती अशी अडकली की खाली जाईना, वर येईना, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीला भाजीची पिशवी घेऊन खालीच ताटकळावं लागलं. शेवटी पुढचं चाक काढल्यावर ती सुटली.

घरात तिला एकच जागा होती. दारातून आत आलं की सरळ लांब पॅसेज, डाव्या हाताला दोन खोल्या, शेवटी स्वयंपाकघर. पॅसेजच्या उजव्या भिंतीला डबल उभी केली, तशी उरलेल्या जागेतून एका माणसाला कसंबसं अंग चोरून जाता यायला लागलं.

"हुक मारून वर टांगू या," मुलगा म्हणाला.

पेंटर नुकतेच घरी आले होते. त्यांनी वॉकरला धरून भिंतीवर बोटाचं पेर आपटलं. "ऐक. पोकळ आहे. ही नुसती आडोशाची भिंत. हिच्यावर कॅलेंडर टांगतानासुद्धा मी विचार करतो."

म्हणून डबल जमिनीवरच राहिली आणि घरात दोन आघाड्या उघडल्या. बाई सायकलीला माणसांपासून जपायच्या, आणि बाकीचे बाईंना सायकलीपासून. बाई पॅसेजमधून नेहमी भिंतीला हात न लावता सरळ, भराभर चालत. आता वाटेत पायडलं आली, हँडलं आली. पहिल्याच दिवशी त्यांची नडगी सोलली. मुलाने पायडलांना जुने लोकरी मोजे चढवले आणि हँडलांच्या टोकांवर टेनिसचे चेंडू कापून बसवले. पेंटरांनी पलंगावर बसल्या बसल्या जुन्या गालिच्याची पट्टी कापली आणि हँडल भिंतीला टेकतं तिथे मुलाकडून चिकटवून घेतली. ती काळजी त्यांना भिंतीची होती, पण फायदा हँडललाही झाला.

मुलाने बाजारातून चकचकीत प्लास्टिकचं आच्छादन आणलं. बाईंनी ते बोटांत चुरगाळून पाहिलं आणि परत दिलं.

"नको. हे आत ओल धरून ठेवतं. स्वयंपाकघराची वाफ इथवर येते, ती आत कोंडली की चेन लाल व्हायला वेळ लागत नाही. सुती कापड घाला."

मग पेंटरांची रंगकामाची जाड चादर निघाली. तिच्यावर शहरातल्या निम्म्या घरांचे शिंतोडे होते. ती अंगावर घेऊन डबल पॅसेजमध्ये आजारी पाहुण्यासारखी उभी राहिली.

दर रविवारी बाई चादर काढायच्या, स्टूल ओढून बसायच्या आणि दोन्ही चेनी पुसायच्या, पुढच्या पायडलांपासून मागच्या पायडलांपर्यंतची आणि मागच्या चाकाची. एकेक कडी चिमटीत धरून, आधी कोरड्या फडक्याने, मग तेलाच्या. टायर अंगठ्याने दाबून बघायच्या आणि मुलाला म्हणायच्या, "थोडी हवा मार. बसलेल्या टायरवर वजन राहिलं की रबराला चिरा जातात." मग चाकं थोडी फिरवून ठेवायची, एकाच जागी भार नको म्हणून. चामड्याच्या सीटांवर तळहात फिरवायचा. हात काळे करायचं हे काम सुरुवातीपासून बाईंचंच. पेंटरांचे हात तसेही रंगाने भरलेले असत.

पेंटर पलंगावरून उघड्या दारातून हे बघायचे. प्रत्येक रविवारी ठरवायचे की आज सांगून टाकू. मग बाई म्हणायच्या, "अहो, ह्या वेळी मागचा ब्रेक जरा घट्ट करून घेऊ हं निघायच्या आधी," आणि पेंटर म्हणायचे, "घेऊ की."

सून हॉस्पिटलच्याच रस्त्यावरच्या एका हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या खात्यात कामाला होती. दिवसभर इतक्या चादरींच्या घड्या घालायची की घरात कोणी रुमाल जरी चुरगळून टाकला तरी तिचा हात आपोआप तिकडे जायचा. कामाला चटपटीत, बोलायला कमी. सासूला ती थोडी घाबरून असायची. बाई आवाज कधी चढवत नसत, पण फोन ठेवावा तसं बोलणं संपवत. एकदा सुनेने भिजलेला रेनकोट सवयीने मागच्या सीटवर टाकला. बाई आत आल्या, सीट चाचपली, रेनकोट उचलून खुंटीवर टांगला आणि म्हणाल्या, "चामडं ओलं राहिलं की वाकडं वाळतं." बस, एवढंच. सून तो दिवस विसरली नाही.

मग तिचं कपाट आलं. भाड्याच्या खोलीतलं पोलादी कपाट इतके दिवस एका मैत्रिणीकडे ठेवलं होतं, ते तिने दोन हमालांकरवी मागवून घेतलं. बाई कामावर, मुलगा कामावर. घरात पेंटर आणि सून. हमालांनी कपाट पॅसेजमध्ये आणलं, खोलीच्या दारात वळवायला गेले आणि एकाचा हात निसटला. कपाट कलंडलं, त्याचा कोपरा डबलच्या मागच्या चाकावर आला. सायकलीचा तसा काही मोठा आवाज झाला नाही, एखादी छत्री मोडावी एवढाच.

पेंटर काठी टेकत दारात आले. चादर बाजूला करून त्यांनी बघितलं. चाकाला बाक आला होता, दोन तारा तुटल्या होत्या. सून भिंतीला चिकटून उभी.

"बाबा, आता?"

"कपाट आत घ्या आधी," पेंटर म्हणाले, आणि चादर नीट पसरून टाकली.

ते पुढे काहीच बोलले नाहीत, म्हणून सूनही बोलली नाही. बाबा सांगतील, असं तिला वाटलं. पेंटरांच्या मनात वेगळंच चाललं होतं. नाही तरी कोण चालवणार आहे, असं त्यांना वाटलं, आणि वाटल्याबरोबर इतकं वाईट वाटलं की ते पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

रविवारी बाई स्टुलावर बसल्या. पुढची चेन झाली, मागची झाली. मग त्यांनी मुलाला मागचं चाक उचलायला लावलं आणि हाताने गरकन फिरवलं. खस्स, खस्स, खस्स.

"चाक घासतंय," बाई म्हणाल्या. बोटं तारांवरून फिरली आणि रिकाम्या जागी थांबली. "दोन तारा नाहीत."

मुलाने सुनेकडे पाहिलं. सून स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली.

"माझ्या कपाटाने झालं, आई. कपाट वळवताना कलंडलं. मी सांगणार होते."

"मग?"

"भीती वाटली."

"सायकलीला काही झालं म्हणून मी माणसाला खात नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी तोंड खोलीच्या दिशेला वळवलं. "अहो, कपाट आलं तेव्हा तुम्ही घरातच होता ना?"

"होतो."

"आवाज आला असेल."

"आला. बघितलंही."

"मग बोलला का नाहीत?"

पेंटरांना टाळता आलं असतं. विसरलो, झोपेची गोळी घेतली होती, काहीही सांगता आलं असतं. पण इतके रविवार जे गळ्याशी येऊन परत जात होतं, ते नेमकं नको त्या वेळी बाहेर पडलं.

"बोलून काय करायचं होतं? ती आता चालायची नाहीये. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलंय. माझं पुढे बसणं संपलं."

"तेव्हाच म्हणजे?"

"हॉस्पिटलात होतो तेव्हा."

मुलाने चाक अलगद खाली ठेवलं.

"म्हणजे मी इथे बसून चेन पुसत होते," बाई सावकाश म्हणाल्या, "आणि तुम्ही तिथून बघत होता."

पेंटर काठी शोधत पलंगावरून उठायला लागले.

"मला दिसत नाही हे मला माहीत आहे. पण तुम्ही असं नुसतं बघत बसाल असं वाटलं नव्हतं."

त्यांनी एकेक बोट फडक्याला पुसलं, फडकं घडी करून स्टुलावर ठेवलं आणि त्या हात धुवायला गेल्या.

त्यानंतर बाईंचा फोनवरचा आवाज घरात आला. त्या भांडल्या नाहीत, रुसून बसल्या नाहीत. "चहा ठेवलाय." "औषध घेतलंत का?" "व्यायामाच्या बाई आज येणार आहेत." सगळं व्यवस्थित, सगळं नम्र. ह्याच आवाजात त्या दिवसभर अनोळखी माणसांना 'थांबा, जोडून देते' म्हणत. पेंटरांना तो आवाज स्वतःसाठी कधीच ऐकायला मिळाला नव्हता, आणि आता दुसरा ऐकायला मिळेना.

डबलला बाईंनी पुन्हा हात लावला नाही. पॅसेजमधून जाताना त्या अंग चोरून जायच्या, एवढाच संबंध. पुढचा टायर हळूहळू बसला. चादर एका बाजूने घसरली ती तशीच राहिली. एका रविवारी बाई मैत्रिणीकडे गेलेल्या असताना पेंटरांनी स्टूल ओढलं, जपून त्याच्यावर बसले आणि तेलाचं फडकं हातात घेतलं. वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम. दुपारचं जेवण निवलं तरी दुसरी चेन व्हायची होती. कड्यांच्या फटीत केस अडकले होते, धागे अडकले होते, बारीक रेती होती. एक कडी स्वच्छ झाली की पुढची तेवढीच काळी. बाई हे गाणं गुणगुणत करायच्या. पेंटर करता करता चारदा शिव्या देऊन बसले. मुलाने येऊन पाहिलं, न बोलता पंप आणला आणि हवा मारून गेला.

मग पेंटरांनी ठरवलं की डबल घरात राहील तोवर घरातलं हे अवघडलेपण जाणार नाही.

"विकून टाकू या का?" त्यांनी बाईंना विचारलं.

"तुमची मर्जी," बाई म्हणाल्या.

पेंटरांच्या ओळखीतून एक कॅफेवाला आला. तरुण, हसतमुख, बोलायला गोड. बाई आतल्या खोलीत बसून राहिल्या, दार मात्र उघडं होतं. चादर काढल्याबरोबर कॅफेवाला "वा!" म्हणाला. वाकड्या चाकाचं पेंटरांनी आपण होऊन सांगितलं.

"काही हरकत नाही," तो म्हणाला. "चाक फिरायचंच नाहीये. आमच्या मोठ्या भिंतीवर आडवी टांगणार. सीटांच्या जागी कुंड्या, वेली खाली सोडायच्या. लोक फोटो काढतील. रंग तेवढा बदलू, फिकट गुलाबी वगैरे."

पेंटर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. "भिंत कसली आहे?"

"म्हणजे?"

"विटांची की आडोशाची?"

"ते बघायला लागेल."

"रोज कुंड्यांना पाणी घालणार. ते सांध्यांत मुरणार. वर्षभरात फ्रेम आतून खाऊन जाईल."

"काका, ती सजावटीलाच तर आहे."

"मग नाही देत," पेंटर म्हणाले. "तुम्ही चांगले आहात हो. पण नाही देत."

कॅफेवाल्याने थोडी घासाघीस केली आणि गेला. पेंटर चादर घालायला लागले. एका हाताने काठी, एका हाताने चादर, तिचं टोक सारखं निसटत होतं. बाई बाहेर आल्या आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.

"माझ्या सीटवर काय लावणार होता तो?"

"विचारलं नाही. वेल काहीतरी."

"डिस्टेंपर बरा," बाई म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा स्वतःचा आवाज निघाला.

पेंटर भिंतीला टेकून उभे राहिले. "मी सांगायला हवं होतं."

"हो."

"तोंडच उघडेना. सांगितलं असतं तर तू पुसायचं थांबवलं असतंस. तू थांबलीस की खरंच संपलं, असं वाटायचं."

बाईंनी चादरीचं टोक चाकाखाली खोचलं. "मला राग सायकलीचा नाही आला. तुम्हाला एवढं मोठं काही झालं आणि मी तुम्हाला ब्रेक घट्ट करायच्या गोष्टी सांगत बसले, ह्याचा आला. कशी दिसले असेन मी?"

"छान दिसायचीस," पेंटर म्हणाले. बाई चहा टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सून पेंटरांना म्हणाली, "बाबा, ते चाक काढून द्या मला. दुरुस्त करून आणते." पेंटर म्हणाले मीही येतो, तेवढंच चालणं. पुढे वाकडं चाक खांद्याला अडकवून सून, मागे काठी टेकत पेंटर. ती आपली चाल त्यांच्या चालीवर आणत थांबत थांबत जात होती. दुकानदाराने चाक फिरवून पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यावर काय हत्ती बसला होता?"

"कपाट," सून म्हणाली.

"भरलेलं?"

"रिकामं."

"मग नशीबवान आहात," म्हणून तो तारा शोधायला आत गेला.

दोघं बाहेरच्या बाकावर बसले. सून बराच वेळ रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बाबा, पुढे बसायला काय काय यावं लागतं?"

पेंटरांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"मला साधी येते. शाळेला सायकलनेच जायचे. आईंचं फाटक माझ्या वाटेवरच आहे. आणि बसमध्ये लोक त्यांचा दंड धरून ओढतात, न विचारता. परवा एकाने त्यांना भलत्याच स्टॉपवर उतरवलं, कंडक्टरच मला सांगत होता. त्या घरी बोलल्या नाहीत."

पेंटरांना बाईंसाठी वाईट वाटलं, आणि आणखीही काहीतरी वाटलं, ते त्यांना स्वतःलाही आवडलं नाही. त्यांची जागा कोणीतरी मागत होतं. ते म्हणाले, "तिलाच विचार. बसायचं तिला आहे."

सुनेने त्याच संध्याकाळी विचारलं. बाई भांडी पुसत होत्या.

"कपाटाची भरपाई म्हणून बसणार असशील तर नको," त्या म्हणाल्या. "भरपाई करणारी माणसं लवकर दमतात."

"मला बस आवडत नाही म्हणून."

बाईंनी थोडा विचार केला. "हे चालेल."

शिकवणी गोदामांच्या मागच्या रस्त्यावर सुरू झाली. सुटीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसायचं. मुलगा पुढचं चाक काढून डबल खाली उतरवायचा, पेंटर घडीच्या खुर्चीत फुटपाथवर. आधी मागच्या सीटवर भरलेले रंगाचे डबे बांधून सुनेने एकटीने चालवली. वळणाला लांब फेर घ्यावा लागतो हे कळेपर्यंत ती दोनदा गोदामाच्या शटरवर जाऊन थडकली. मग मुलाला मागे बसवलं, डोळ्यांवर मफलर बांधून.

"बोल!" पेंटर खुर्चीतून ओरडले. "त्याला दिसत नाहीये! वळायच्या आधी बोल!"

सून वळली आणि मग म्हणाली, "डावीकडे." तोवर मुलगा उजवीकडे झुकला होता. दोघं एका झाडाच्या आळ्यात जाऊन पडले. "लग्नाला हो म्हणतानासुद्धा ही अशीच उशिरा बोलली होती," मुलगा पाय चोळत म्हणाला.

बोलणं हेच तिला सगळ्यात जड गेलं. पायात ताकद होती, हात स्थिर होता, पण तोंडातून शब्द निघायला वेळ लागायचा. पेंटरांनी तिला घरात सराव करायला लावला. ती भाजी चिरता चिरता म्हणायची, "आता कोथिंबीर. आता सुरी खाली ठेवतेय. आता उजवीकडे वळून गॅस." पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाई म्हणायच्या, "ऐकू येत नाही. ट्रक जातोय समज."

शेवटी एका सकाळी बाई मागे बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल पकडलं, सीट थोडी खाली घ्यायला लावली आणि म्हणाल्या, "चल." पेंटर खुर्चीतून उठून उभे राहिले. डबल डुगडुगली, सावरली, आणि सरळ निघाली. शटरापाशी सुनेचा आवाज आला, "डावं वळण, आता," आणि दोघी एकदमच झुकल्या. त्या कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या. पेंटर तसेच उभे. इतक्या वर्षांत बाईंना ह्या सायकलीवर त्यांनी बाहेरून कधीच पाहिलं नव्हतं. मागच्या सीटवर बाई एवढ्या ताठ बसतात, हेही त्यांना आजच कळलं. मुलगा बघत होता, म्हणून ते उगाच खुर्चीची घडी घालायला लागले.

पुढच्या आठवड्यापासून दोघी डबलवर कामाला जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी पेंटर दार उघडून पॅसेजमध्येच बसले होते. मुलाने खाली जाऊन पुढचं चाक काढलं आणि डबल वर चढवली, त्याच्या मागून दोघी वाद घालतच आल्या. चढावर जोर कोणी कधी लावायचा होता, ह्यावरून. सायकल जागेवर उभी राहिली तरी वाद चालूच होता. मग सून तोंड धुवायला गेली आणि बाई पेंटरांशेजारी टेकल्या.

"कशी चालवते?" पेंटरांनी विचारलं. अगदी सहज विचारल्यासारखं.

"तुमच्यापेक्षा हळू. रंगाबिंगातलं काही कळत नाही तिला. एका घराचा रंग विचारला तर 'टॉवेलसारखा' म्हणाली." बाई थांबल्या. "पण ब्रेक मारायच्या आधी सांगते. तुम्ही मारल्यावर सांगायचात."

पेंटर थक्क झाले. "इतक्या वर्षांत हे कधी बोलली नाहीस!"

"इतक्या वर्षांत दुसरं कोणी पुढे बसलंच नव्हतं. मला वाटायचं, असंच असतं."

पेंटर आधी ओशाळले, मग हसायला लागले, आणि खुब्यात कळ आली तरी हसत राहिले. आतून सुनेने विचारलं, काय झालं. बाई म्हणाल्या, "काही नाही. उद्या जरा लवकर निघू. पुलाकडचा रस्ता खणायला घेतलाय म्हणे, लांबून जावं लागेल."